स्वस्त दोरी आणि महाग अज्ञान

मासे धरण्याच्या साधनांवरील लेख वाङ्मयीन मासिकात पाहून काही वाचकांच्या भुवया वर चढतील. जेथे काव्यशास्त्राची चर्चा व्हावयाची तेथे गळ, दोरी व काठी यांचे काय प्रयोजन, असे ते विचारतील. त्यांस प्रथमच सांगितले पाहिजे की, जे इंग्रजी वाङ्मय आमच्या महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जात आहे, त्यातील एक सर्वमान्य गद्यग्रंथ ह्याच विषयावर आहे. आयझॅक वॉल्टन या लंडनच्या दुकानदाराने १६५३ साली ‘द कम्प्लीट अँग्लर’ प्रसिद्ध केला, आणि १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने पिसांच्या कृत्रिम माशीने मासे कसे धरावेत यावर स्वतंत्र भाग जोडला. आमचे पदवीधर वॉल्टनच्या शैलीची प्रशंसा करतात, त्याच्या प्रासादिकतेवर टिपणे उतरवून घेतात. परंतु तो ज्या दोरीविषयी बोलतो ती निवडावी कशी, असे विचारले असता निरुत्तर होतात. ग्रंथातून वस्तू वजा करावयाची व उरलेल्या शब्दांचे अध्यापन करावयाचे, अशी जी रीत आमच्यात रूढ झाली आहे, तिच्याशीच प्रस्तुत लेखाचे भांडण आहे.

वाद नेमका कशाविषयी आहे ते सांगतो. अकरा ते पंधरा फूट लांबीची काठी दोन्ही हातांनी धरून पिसांची माशी दूर पाण्यावर फेकावयाची व तिला भुललेला मासा गळास लावावयाचा, अशी एक कला आहे. स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या काठी ती विशेष वाढली, म्हणून त्या फेकीस स्पे हेच नाव पडले. ह्या कलेविषयी आपल्याकडे जे थोडे लोक बोलतात त्यांचे म्हणणे असे की, ती फार खर्चाची आहे. नामांकित परदेशी काठी, तिला साजेशी चक्री व त्याच तोलाची दोरी घेण्याची ऐपत नसेल तर सामान्य माणसाने तिच्या वाटेस जाऊ नये. हा समज मला सर्वस्वी खोटा वाटतो. ह्या कलेत खरोखर महाग असे जे काही आहे, ते वजनाचे अज्ञान होय. ज्यास दोरीचे वजन कळते त्यास ती थोड्या पैशांत साधते. ज्यास कळत नाही त्यास पुष्कळ पैसे मोजूनही योग्य दोरी मिळेलच असा भरवसा नाही. आणि हे ज्ञान मराठीत कोणी मांडले नाही, म्हणूनच आमच्या तरुणांस ते जाहिरातीच्या भावाने विकत घ्यावे लागते.

हा प्रश्न देऊळगाव राजासारख्या गावी बसून विचारण्यास कारण आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा ह्या तालुक्यातून वाहते. इकडे तिला खडकपूर्णा म्हणतात. देऊळगाव महीनजीक तिजवर धरण झाले आहे, आणि ह्याच तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मग्राम मानले जात असल्यामुळे त्या जलाशयास संत चोखासागर असे नाव दिले आहे. अर्थात पाणी आहे, काठ आहे, आणि शिकण्याची हौस असलेले तरुणही आहेत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ते नॉर्वे-कॅनडाच्या नद्यांवरील फेकी पाहतात, साधनांच्या किमती वाचतात, आणि ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून पडदा बंद करतात. परदेशी सूचींत उंची काठीची किंमत हजार डॉलरांच्या वर असते, दोरीची शंभराच्या आसपास, आणि डॉलर तर ऐंशी रुपयांच्या पलीकडे गेलेला. तालुक्याच्या गावातील शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलाने हे आकडे वाचून माघार घेतली तर त्यास दोष कोण देईल? दोष द्यावयाचा तो हे आकडे म्हणजेच ती कला, असे त्याच्या मनात भरवून देणाऱ्यास.

आता ह्या कलेचे मर्म पाहू. कारण मर्म कळल्यावाचून किमतीचा विचार निष्फळ आहे. साध्या गळाच्या दोरीस शिशाचा गोळा बांधलेला असतो. फेकताना गोळा पुढे जातो व दोरी त्याच्यामागून ओढली जाते. गोफणीत धोंड्याचे जे काम, तेच येथे शिशाचे. पिसांची माशी ही इतकी हलकी असते की, तिला फेकू म्हटले तर ती पायाशीच पडेल. म्हणून येथे दोरीलाच धोंड्याचे काम करावे लागते. बैल हाकणाऱ्याचा आसूड पहावा. मुठीजवळ तो जाड असतो व शेवटाकडे निमुळता होत जातो. हाताने दिलेला झटका त्या निमुळत्या अंगातून पुढे सरकत जातो व टोकाशी त्याचा कडाका होतो. माशीच्या दोरीचे तत्त्व ह्याहून निराळे नाही. तिचा पुढचा भाग जड व निमुळता असतो, त्यास इंग्रजीत ‘हेड’ म्हणतात. आपण त्यास माथा म्हणू. माथ्याच्या मागे बारीक धावती दोरी असते. माथा सुटला की ती काठीच्या कड्यांतून सरसरत त्याच्यामागे जाते. माथ्याच्या पुढे, ज्यास बाजारात तंगूस म्हणतात तशा पारदर्शक नायलॉनचा नऊदहा फुटांचा तुकडा, आणि त्याच्या शेवटी माशी.

दोन हातांच्या काठीचा विशेष असा की, तीत दोरी मागे हवेत फेकण्याची गरज पडत नाही. माथा प्रथम समोरच्या पाण्यावर मांडावयाचा. पाणी त्याचे टोक धरून ठेवते. मग वरच्या हाताने लोटून व खालच्या हाताने ओढून काठी वाकवावयाची. पहारीने दगड उचलताना दोन हातांचा जो उपयोग होतो तसाच हा आहे. वाकलेली काठी सरळ होता होता दोरीचा वेढा पुढे उलगडत जातो. ज्या काठाच्या मागे उंच दरड किंवा वेड्या बाभळींचे रान आहे, तेथे एकहाती काठी निरुपयोगी ठरते व दोनहाती काठी काम देते. आमच्या जलाशयांचे काठ बहुधा असेच असतात. तेव्हा ही कला आमच्या पाण्यास परकी आहे, हे म्हणणेही टिकत नाही.

ह्यावरून उघड होईल की, सर्व खेळ माथ्याचे वजन व काठीचा ताठपणा यांच्या मेळावर अवलंबून आहे. वजन कमी पडले तर काठी वाकत नाही; अधिक झाले तर ती वाकूनच राहते. हे वजन मोजावयाचे कसे? पूर्वी दोऱ्या रेशमाच्या असत व त्यांची जाडी इंग्रजी अक्षरांनी दाखवीत. रेशीम एकाच घनतेचे असल्यामुळे जाडी कळली की वजन कळे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन व त्यावर प्लॅस्टिकचा लेप असलेल्या दोऱ्या आल्या आणि तीच जाडी निरनिराळ्या वजनांची होऊ लागली. तेव्हा १९६० च्या सुमारास अमेरिकेतील साधन-उत्पादकांच्या संघाने पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून दोरीस क्रमांक देण्याची पद्धत ठरविली. पाचव्या क्रमांकास १४० ग्रेन, आठव्यास २१०, नवव्यास २४०, बाराव्यास ३८०, अशी ती मोजणी आहे.

ग्रेन हा शब्द ऐकून आमचा विद्यार्थी बिचकतो. परंतु १८३३ साली कंपनी सरकारने तोळ्याचे जे वजन कायम केले ते बरोबर १८० ग्रेनांचे होते. आठ गुंजांचा एक मासा व बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक आमच्या आजोबांनी पंतोजींच्या छडीखाली घोकलेले आहे. म्हणजे एक मासा पंधरा ग्रेनांचा झाला. आठव्या क्रमांकाची एकहाती दोरी तीस फुटांस चौदा मासे भरते. मासे धरण्याची दोरी माशांत मोजावी, ही श्लेषाची मौज भाषेनेच आपल्या पदरात टाकली आहे. आणि सोय अशी की, हा मासा आजच्या ग्रॅमहून अगदी किंचित हलका असल्यामुळे व्यवहारात दोन्ही एकच समजले तरी चालते. आजचा सराफ दहा ग्रॅमांस तोळा म्हणतो, तो हा जुना तोळा नव्हे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आता जाहिरातीच्या भावाची गोष्ट. एकहाती आठव्या क्रमांकाच्या काठीस चौदा मासे पुरतात, परंतु दोनहाती काठीवरही ‘आठ’ हाच आकडा लिहिलेला असला तर तिला पाचशे ते सहाशे ग्रेनांचा, म्हणजे तेहतीस ते चाळीस माशांचा माथा लागतो. आकडा एकच, वजन दुपटीहून अधिक! हा घोटाळा ज्यास ठाऊक नाही तो आठ क्रमांकाची साधी दोरी आणतो, ती दोनहाती काठीवर निर्जीव लोंबते, आणि तो समजतो की आपली काठी हलक्या प्रतीची आहे. मग तो अधिक किमतीची काठी घेतो; तीही तसेच करते. शेवटी कोणी तरी त्यास ‘ह्या काठीसाठीच बनविलेली’ दोरी विकतो व ती दोरी उत्तम चालते. चालते ती वजन जुळल्यामुळे, परंतु श्रेय जाते नावास. ह्या फेऱ्यात गेलेला सगळा पैसा एका माहितीच्या अभावाची किंमत आहे. स्थूल मान असे ठेवावे: सहाव्या क्रमांकाच्या दोनहाती काठीस पंचवीस ते तीस मासे, सातव्यास तीस ते पस्तीस, आठव्यास तेहतीस ते चाळीस. ह्या दोन ओळी पाठ करण्यास पैसा लागत नाही.

माथ्याच्या लांबीचाही असाच बागुलबुवा करण्यात आला आहे. सूचींत नावे वाचावी तितकी थोडी. तथापि जाती मुळात तीन. पहिली जुन्या स्पे पद्धतीची, जिचा माथा पन्नास-साठ फुटांचा वा त्याहूनही लांब असतो. ती साधण्यास पुष्कळ सराव लागतो. दुसरी स्कँडिनेव्हियन, जिचा माथा काठीच्या सुमारे तिप्पट लांब व पुढे फार निमुळता असतो. हलकी माशी ती अलगद पाण्यावर उतरविते. तिसरी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट नदीवर निघालेली, जिचा माथा काठीच्या दुपटीहूनही आखूड व जाडजूड असतो. त्याच्या पुढे बुडणारे टोक जोडून मोठी माशी खोल नेता येते. नवशिक्याने दुसरी किंवा तिसरी, दोहोंपैकी एक घ्यावी. उथळ व मोकळे पाणी असेल तर दुसरी. मागे जागा अगदीच थोडी व मासा खोल असेल तर तिसरी. बाकीची नावे ह्या तिहींच्या मधल्या पायऱ्या होत, व त्या चढण्याची घाई पहिल्या दोनतीन वर्षांत कोणासही नसते.

खर्चाचा क्रम कसा असावा? बहुतेक लोक प्रथम चक्रीवर पैसा टाकतात, कारण ती चकाकते, नंतर काठीवर, आणि दोरीची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो. हा क्रम अगदी उलटा केला पाहिजे. चक्रीची कामे तीन: दोरी मावणे, लांब काठीच्या बुडाशी तोल राखणे, आणि मासा पळू लागला की अडखळल्याशिवाय दोरी सोडणे. ही तीनही साधी, जड व जुनी चक्री करू शकते. किंबहुना दोनहाती काठीस हलक्या व महाग चक्रीपेक्षा जड व स्वस्त चक्रीच अधिक तोलते. काठी कार्बनतंतूची असावी, परंतु ती अव्वल किमतीची असण्याचे कारण नाही. परदेशी सूचींतही दीडशे ते अडीचशे डॉलरांच्या काठ्या असतात व शिकणाऱ्यास त्यांच्या मर्यादेपर्यंत पोचण्यासच काही वर्षे लागतात. दोरी मात्र बरोबर वजनाची हवी. तेथे तडजोड नाही.

परंतु बरोबर दोरी म्हणजे महाग दोरी नव्हे. दोन्ही टोकांस निमुळती अशी बाराव्या क्रमांकाची नव्वद फुटांची साधी दोरी घ्यावी. कोणी टाकून दिलेली, मधोमध चिरलेली असली तरी चालेल. तिचे पहिले तीस फूट ३८० ग्रेनांचे. त्यापुढील जाड अंग फुटास तेरा ग्रेनांच्या आसपास भरते. म्हणजे चाळीस फुटांचा तुकडा पाचशे ग्रेनांच्या थोडा वर, सुमारे चौतीस मासे जातो. तेरा-साडेतेरा फुटांच्या, आठव्या क्रमांकाच्या काठीस लागणारा स्कँडिनेव्हियन माथा तो हाच. आणि दोरीस टोके दोन असल्यामुळे एकीतून दोन माथे निघतात. प्रथम दोरी किंचित लांबच कापावी, पाण्यावर फेकून पहावी, काठी फार वाकते असे वाटले तर मागल्या बाजूने फूट-फूट कमी करीत जावे, आणि फेक मनासारखी झाली की थांबावे. मग तो माथा वजन करून आकडा लिहून ठेवावा. त्या काठीचे खरे वजन ते; बुडाशी छापलेला क्रमांक काहीही सांगो. देऊळगाव राजाच्या पेठेतील कोणत्याही सराफाच्या काट्यावर हे काम मिनिटाभरात होते. सोन्याचा कण तोलणारा काटा गावात असता दोरीचे वजन सातासमुद्रापलीकडच्या सूचीस विचारावे, हे आमच्या बुद्धीस शोभत नाही.

उरलेल्या अंगांचेही तसेच. धावत्या दोरीस पंचवीस-तीस पौंड ताणाचा जाड तंगूस उत्तम चालतो. वापरण्यापूर्वी ओढून त्याच्या गुंडाळ्या काढाव्यात म्हणजे झाले. बुडणारे टोक तयार घेण्याऐवजी, जड धातूची पूड मिसळलेली जी दोरी फुटावर विकली जाते ती कापून घ्यावी. तिच्यातील चौदा क्रमांकाची जात फुटास चौदा ग्रेन, म्हणजे जवळजवळ मासाभर असते, तेव्हा हिशेब लहान मुलासही करता येईल. जोडावयाचे फास मजबूत दोऱ्याने घट्ट गुंडाळून वर लाख किंवा डिंकासारखे काही लावून पक्के करावेत. सुताने भोवरा गुंडाळणारा हात हे काम चुटकीसरशी करील.

काटकसरीची सीमा कोठे हेही सांगितले पाहिजे. नाही तर हे विवेचन कंजुषीचे शास्त्र ठरेल. तीन गोष्टींत पैसा वाचवू नये. गळ पक्का व तीक्ष्ण असावा, कारण वाकलेला वा मोडलेला गळ तोंडात घेऊन मासा निघून गेला तर त्या यातनेचे पाप आपल्या माथी येते. माशीजवळचा तंगूस ताजा असावा, कारण उन्हाने कुजलेला तंगूस ऐन वेळी तुटतो. आणि काठीची कडी गुळगुळीत असावीत. खरबरीत कडे चांगली दोरी एका हंगामात कापून काढते. तंगुसाचा कापलेला तुकडा काठावर टाकणे तर सर्वथा निषिद्ध, कारण पाणपक्ष्यांच्या पायांस तो फास होतो. जेथे चुकीचे फळ दुसऱ्या जिवास भोगावे लागते, तेथे स्वस्ताईचा युक्तिवाद लागू नाही.

येथवर शौकिनांच्या पक्षाचे खंडन झाले. आता दुसरा पक्ष उभा राहतो. तो म्हणतो, ‘हे सर्व परकीय थेर कशाला? आमच्या वेळूच्या काठीस दोरा बांधला की मासा लागतो.’ ह्या स्वदेशाभिमान्यांस त्यांच्याच वेळूचा इतिहास ऐकविला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत वेळू चिरून, त्याच्या पट्ट्या एकत्र चिकटवून काठ्या करण्याची कला निघाली, तेव्हा प्रारंभी वापरला गेला तो वेळू कलकत्त्याहून जात असे व ‘कलकत्ता केन’ म्हणून प्रसिद्ध होता. तोच भरीव जातीचा वेळू आमच्या विदर्भाच्या जंगलांत वाढतो. त्यास मानवेल म्हणतात. पुढे चीनमधील टोंकिन केनने त्याची जागा घेतली, आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूने दोघांसही मागे टाकले. म्हणजे कच्चा माल आमचा होता व विद्या त्यांची. काठी तयार होऊन येथे परत आली ती साहेबाच्या हाती. वेळू जवळ असणे म्हणजे विद्या जवळ असणे नव्हे.

आणि ही विद्या आमच्या भूमीस अनोळखी होती असेही नाही. कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचविलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, गळ व दोरी यांचे विवेचन आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या म्हणतात हे त्याच ग्रंथावरून आमचे वाङ्मयेतिहासकार मोठ्या अभिमानाने सांगतात. परंतु ओवीचे पान उलटून गळाच्या पानापर्यंत त्यांतील फारच थोडे पोचले. १९५१ साली त्या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी, व तेही इंग्रजीत. दख्खनच्या नद्यांतील ज्या महसीर माशासाठी साहेबलोक लांब काठ्या घेऊन हिंडत, त्याचे शास्त्रीय नाव टोर खुद्री असे आहे. कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील ह्या माशाचे वर्णन केले व त्यास येथल्याच बोलीतील नाव दिले. नाव आमच्या बोलीतले, पाणी आमचे, मासा आमचा. आणि त्याविषयीचे ग्रंथ? हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली मंगळुरास ‘द रॉड इन इंडिया’ छापला. त्याच्या तोलाचे मराठी पुस्तक कोणी दाखवील काय?

तिसरा आक्षेप जीवदयेचा आहे व तो मी सर्वांत अधिक आदराने ऐकतो. वारकऱ्यांच्या ह्या प्रदेशात ज्याने मत्स्याहारच वर्ज्य केला आहे, त्याच्याशी माझा वाद नाही. महाड तालुक्यातील वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे राखले जातात. श्रद्धेने राखलेल्या त्या पाण्यास मी मनोभावे हात जोडतो. परंतु जो बाजारातून मासा आणून खातो व गळवाल्यास क्रूर म्हणतो, त्याची दया फक्त नजरेआडची आहे. गळास काटा न ठेवणे, हात ओला करून मासा धरणे, शक्य तितक्या लवकर पाण्यात सोडणे, हे नियम आज ह्या कलेचे अंग झाले आहेत. त्यांनी वेदना नाहीशी होत नाही, कमी होते. आणि हे प्रांजळपणे मान्य करूनच ज्याने त्याने आपला निर्णय करावा.

ह्या सर्व वादात ज्याचे नाव कोणीच घेत नाही तो म्हणजे आमचा भोई. राज्यातील जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्याने दिले जातात. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज तेथे सोडले जाते, व त्यावर त्यांची चूल पेटते. हौशी माणूस त्या पाण्यावर पाहुणा आहे. संस्थेच्या अनुमतीवाचून त्याने दोरी पाण्यात टाकू नये, व धरलेला मासा आपला समजू नये. परंतु शिष्टाचार एवढ्यावरच संपत नाही. त्या भोयाकडून शिकावयाचेही आहे. फेकजाळ्याच्या कडेस किती वजन लावले असता ते हवेत पूर्ण उमलते व किती जास्त झाले की गोळा होऊन पडते, हे तो हातानेच सांगतो. जाळे तो विणतो, वजने स्वतः ओवतो, फाटले की स्वतः सांधतो. दोनहाती काठी त्याच्या हाती दिली तर तो नाव विचारणार नाही, किंमत विचारणार नाही. दोरी तळहातावर तोलून पाहील. हेच ह्या कलेचे पहिले व शेवटचे सूत्र आहे, आणि पदवीधरांस ते सूचींच्या अरण्यात सापडत नाही.

खरे पाहता ह्या कलेचे वाङ्मय मुळात स्वस्ताईचेच वाङ्मय आहे. वॉल्टनच्याही आधी, १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने इंग्रजीत गळावरचा एक निबंध छापला. ज्युलियाना बर्नर्स नावाच्या मठवासिनीचा म्हणून तो ओळखला जातो. त्यात काठी रानातून कशी तोडावी, घोड्याच्या शेपटीचे केस कसे रंगवावे व वळावे, अगदी लहान मासळीस एक केस व सालमनास पंधरा, असा दोरीचा सर्व हिशेब दिला आहे. विकत घ्या, असे तो निबंध क्वचितच म्हणतो. करा, असे पदोपदी म्हणतो. इंग्रजी भाषेत ही विद्या दरिद्री माणसाच्याही हाती लागावी अशा रीतीने पाच शतकांपूर्वी उतरली, म्हणून पुढे तिच्यावर व्यापार उभा राहिला तरी जाणत्यास ठकविणे कठीण गेले. आमच्याकडे व्यापार आधी आला, विद्या अद्याप यावयाची आहे. मधल्या ह्या रिकाम्या जागेतच जाहिरात राज्य करते.

म्हणून मराठी लेखकांस, विशेषतः इंग्रजी वाचून मराठीत लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंस, माझी एक मागणी आहे. त्यांनी वॉल्टनवर आणखी एक रसग्रहण लिहू नये. त्याऐवजी दोरीच्या वजनांचे, माथ्यांच्या लांबीचे व गाठींचे एक बत्तीस पानी पुस्तक लिहावे, वजने ग्रॅमांत द्यावीत, शब्द भोयांच्या, विणकरांच्या व सुतारांच्या तोंडचे घ्यावेत, व किंमत इतकी ठेवावी की तालुक्याच्या शाळेतील मुलगा ती आपल्या पैशांतून देऊ शकेल. असे पुस्तक निघेपर्यंत, ज्यास शिकावयाचे आहे त्याने काठी घेण्यापूर्वी सराफाच्या दुकानी जावे व हाती येईल ती दोरी तोलून पहावी. आकडा कळला की अर्धी कला आली. उरलेली अर्धी पाण्यावर उभे राहून हातास शिकवावी लागते, व तिचे मोल कोणतीही सूची लावू शकत नाही.